पट्टीत मावेल तेवढंच

हे मी ज्यांच्यासाठी लिहितेय, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना ते स्वतःला वाचता येणार नाही. कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. तेव्हा जो कोणी वाचून दाखवतोय त्याला आधीच सांगून ठेवते. बाबा रे, सावकाश वाच, मधलं गाळू नकोस, आणि 'पुढे फारसं काही नाही' म्हणून पान उलटू नकोस. आम्हाला कळतं.

दुसरी गोष्ट, यात मी बरी झाले असं कुठे येणार नाही. मी बरी झाले नाही. माझा आजार बरा होणारा नव्हताच. तरी वाचा, कारण मला जेव्हा हे झालं तेव्हा असं काही लिहिलेलं मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं, आणि मला वाटायचं, जगात ही वेळ फक्त माझ्यावर आलीय.

मॉनिटरशी भांडण

मी सुनंदा. न्यू पनवेलला तळमजल्यावर आमचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत माझं कॉम्प्युटरवरच्या अक्षरजुळणीचं काम. लग्नपत्रिका, लेटरहेड, बायोडाटा, श्रद्धांजलीची पत्रकं, मंडळांच्या पावत्या. मजकूर मी जुळवायचे, छपाई जुन्या पनवेलच्या प्रेसमध्ये व्हायची. मराठी टायपिंगची परीक्षा मी लग्नाआधीच दिली होती, त्यामुळे बोटं कळफलकावर आपोआप पळायची. मोठी कामं गावांतून यायची. सुकापूर, कळंबोली, पार उरणच्या बाजूपर्यंतची गावं. तिकडे पत्रिका म्हणजे आख्खी भावकी त्यात बसवायची. एक चुलता राहिला तर मांडवात रुसवा ठरलेला. पण माझ्या हातून कधी कुणी राहिलं नव्हतं. 'ताईंकडे द्या, बघायला लागत नाही,' असं लोक एकमेकांना सांगायचे आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आतून फुगायचे.

नव्व्याण्णवच्या आसपासची गोष्ट. एक दिवस पत्रिकेची चौकट काढताना दिसलं की उभी रेघ मधेच आत दबलीय. पुसून पुन्हा काढली, पुन्हा दबलेली. मी मॉनिटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने आत-बाहेर बघितलं आणि मॉनिटर उत्तम आहे म्हणाला. मी मुळात तापट. त्याला म्हटलं, तुम्हाला रेघ सरळ दिसते का? तो हो म्हणाला. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. बिचारा चहा न घेता गेला.

आठवड्याभराने दारात उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं तर तिला चेहराच नव्हता. केस होते, कानातलं होतं, साडीचा काठ होता. पाटीवर लिहिलेलं मधूनच बोटाने पुसावं तसं झालं होतं. मी तिच्या कानाकडे बघितलं, तेव्हा नाकडोळे जरा उमटले. आमच्याच वरच्या मजल्यावरच्या वहिनी होत्या त्या.

निदान

माझा नवरा, म्हणजे हे, तळोज्याच्या एका कारखान्यात होते. त्यांनी रजा घेतली आणि आम्ही एसटीने मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. डोळ्यांत थेंब घातले की तासभर डोळे मिटून बाकावर बसायचं, मग आत बोलावतात. शेजारी बसलेल्या बाईंनी मला माझं गाव, सासर, मुलं, सगळं विचारून घेतलं. त्यांना मोतीबिंदू होता. आज मी सांगते, मला त्यांचा हेवा वाटला. मोतीबिंदू काढता येतो.

डॉक्टर चांगले होते. तोडून बोलले नाहीत. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या बरोबर मधोमध झीज होतेय, म्हणाले. इतक्या कमी वयात सहसा होत नाही, पण काहींना होते. मी विचारलं, ऑपरेशन कधी करायचं? त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हे बघा, तुम्ही पूर्ण आंधळ्या होणार नाही. कडेकडेचं दिसत राहील."

त्यांनी ते दिलासा म्हणून सांगितलं, हे मला कळत होतं. पण मला काही कडेकडेने जगायचं नव्हतं. मला लग्नपत्रिका जुळवायच्या होत्या, भाकरी भाजली का बघायचं होतं, आणि समोरच्याशी भांडताना त्याच्या डोळ्यांत बघायचं होतं. मी म्हटलं, चष्मा? नाही. औषध? ताकदीच्या गोळ्या देतो. त्याने थांबेल? सांगता येत नाही. मी प्रश्न विचारत राहिले आणि डॉक्टर प्रत्येकाला नाहीच्याच जवळपासचं काहीतरी उत्तर देत राहिले. हे भिंतीला टेकून उभे होते.

बाहेर आलो तर थेंबांमुळे सगळा रस्ता पांढराफटक. मला काही दिसेना. यांनी माझं मनगट धरलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण रस्त्यात यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता. दुसऱ्या कुठल्या कारणाने धरला असता तर मला केवढा आनंद झाला असता.

तक्ता

त्यानंतर हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. शिरेतून पिवळं औषध सोडून डोळ्याचे फोटो काढायचे. त्याने मळमळतं, आणि दोन दिवस अंग हळदीचं असल्यासारखं दिसतं. ज्यांचं व्हायचंय त्यांना सांगते, रिकाम्या पोटी जाऊ नका, आणि जुनी साडी नेसा. 'हनुवटी टेकवा, हलू नका' म्हणणारी सिस्टर रागीट वाटते, पण उलटी झाली तर तीच डोकं धरते. असली माहिती कुठल्याही कागदावर छापलेली नसते.

एका फेरीला मजा झाली. मजाच म्हणायची. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मी सारखा वाचून वाचून मला पाठ झाला होता. डॉक्टर म्हणाले, वाचा. मी वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हटलं. डॉक्टर अरे वा म्हणाले, आणि माझ्या शेजारी यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. तो श्वास ऐकून माझीच मला लाज वाटली. मग डॉक्टरांनी तक्ता बदलला. नव्या तक्त्यावर मला वरचं एकच मोठं अक्षर दिसलं, तेही मान वाकडी करून. परतीच्या एसटीत हे खिडकीकडे तोंड करून बसले होते.

घर

आजार एकाला होतो, पण घर सगळं आजारी पडतं. सासूबाईंनी पहिल्यांदा गॅस माझ्या ताब्यातून काढून घेतला. तसं तोंडाने म्हणाल्या नाहीत. मी उठायच्या आत त्यांचा स्वयंपाक झालेला असायचा. याच सासूबाई मी कॉम्प्युटर घेतला तेव्हा म्हणाल्या होत्या की बायकांनी दिवसभर काचेपुढे बसून काय भलं होणार. आता त्यांचं खरं झालं होतं, पण त्यांनी एकदाही ते बोलून दाखवलं नाही. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते. नुसत्या माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायच्या. पस्तिशीच्या बाईच्या ताटातले!

नातेवाईक येऊन उपाय सांगून जायचे. गाजराचा रस, त्रिफळ्याचं पाणी, डोळ्यात गाईचं तूप, अमुक देवीचा अंगारा. मी सगळं केलं. देवीला आणि गाजराला दोघांनाही नावं ठेवत केलं. उपयोग झाला नाही. चार लोकांत मी कुणाकडे बघितलं नाही की 'सुनंदाला गर्व झालाय' असंही कानावर यायचं. त्यांना काय सांगू, की तुमच्याकडे बघितलं की तुम्हीच नाहीसे होता?

आणि काम बंद पडलं. गिऱ्हाईक दारात आलं की हे किंवा सासूबाई सांगायच्या, ताईंची तब्येत बरी नाही, महिन्याभराने या. मी आतल्या खोलीत बसून ऐकायचे. दिवसभर करायचं काय, हे मला कुणीच सांगत नव्हतं. डॉक्टरांनी डोळ्यांचं सांगितलं, हातांचं काय करायचं ते नाही सांगितलं.

भिंग

मग माझे दीर, संजय भावोजी, आले. ते वाशीला कॉम्प्युटरच्याच कामात होते. म्हणाले, वहिनी, आपल्या मशीनवर नवीन विंडोज टाकू, त्यात एक भिंग येतं. मला वाटलं, काचेचं काहीतरी मॉनिटरला लावायचं असेल. तसं नव्हतं. त्यांनी चारदोन ठिकाणी क्लिक केलं आणि पडद्याच्या वरच्या बाजूला एक आडवी पट्टी उघडली. खाली आपलं नेहमीचं पान, आणि माउस जिथे नेऊ तिथलं तेवढंच वरच्या पट्टीत भलं मोठं होऊन दिसणार.

भावोजींनी माउस एका जुन्या पत्रिकेवर नेला. मी नेहमीसारखं जरा बाजूला बघितलं. आणि पट्टीत मला 'शुभ' दिसलं. दाराएवढं! कडा पायऱ्यापायऱ्यांसारख्या कुरतडलेल्या, डोक्यावरची रेघ विटा रचल्यासारखी, पण 'शुभ'. मी मोठ्याने वाचलं. सासूबाई आतून हात पुसत बाहेर आल्या. मुग्धा, माझी मुलगी, तेव्हा सातवीत होती, ती टाळ्या वाजवायला लागली. मी रडले, सगळ्यांसमोर रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

ज्यांना हे भिंग वापरायचंय त्यांना मात्र खरं सांगते. पहिले काही दिवस गाडी लागल्यासारखं होतं. माउस जरा हलला की पट्टीतलं सगळं पळतं. ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात शोधत परत डावीकडे यायचं, तेवढ्यात आपण दुसऱ्याच ओळीवर असतो. दोन शब्दांच्या वर दिसत नाही. बाकीचं पान मनात धरून ठेवावं लागतं. आधी मी पत्रिका बघायचे आणि एका नजरेत कळायचं की कुठे जागा जास्त सुटलीय. आता पान कधी दिसतच नव्हतं. भिंतीच्या फटीतून लग्न बघायचं, त्यातला प्रकार. संध्याकाळी कपाळ असं ठणकायचं की विचारू नका.

पण मी काम परत सुरू केलं. हळूहळू करायचे. एक पत्रिका जिथे सकाळी घेऊन दुपारी द्यायचे, तिथे तीन-चार दिवस लागायचे. झालेली फाइल मी ठेवून द्यायचे, आणि हे सकाळी कंपनीच्या बसच्या आधी उठून प्रिंट काढून प्रेसवाल्याकडे पोचवायचे. 'प्रिंटरचं तुला दिसत नाही, ते मी करतो,' म्हणाले. बरोबर होतं. कागद वाकडा गेलेला मला कळत नव्हता. आणि महिने गेले, एकही तक्रार नाही. गिऱ्हाईकं पहिल्यासारखीच परत यायला लागली. मी पुन्हा तोंड वर करून बोलायला लागले. सासूबाईंना म्हटलं, काटे काढू नका, मी काढीन.

मुग्धाचा फोटो

एकदा मुग्धा शाळेतला फोटो घेऊन आली. हातात धरून मला काही दिसेना. मग मला सुचलं, स्कॅनर आहे की! फोटो स्कॅन केला, पडद्यावर आणला आणि भिंग लावलं. पट्टीत तिची भुवई आली. भुवईवरचा लहानपणी पडल्याचा वण आला. किती दिवसांनी तो वण दिसला. मग नाक, मग ओठांचा एक कोपरा. मुग्धा हसत होती, आई माझं नाक केवढं झालंय. मी माउस वर-खाली, इकडे-तिकडे फिरवत बसले. डोळा बघताना ओठ जायचे, ओठ बघताना डोळा जायचा. पोरीचा चेहरा काही जुळेना. तिला म्हटलं, छान आलाय हो. ती गेली खेळायला. मी भिंग बंद केलं. देवाने निदान हे तरी ठेवायला हवं होतं, असं मला वाटलं, आजही वाटतं.

पत्रिका

सुकापूरजवळच्या एका गावातले बाळाराम म्हात्रे मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. आमचं जुनं गिऱ्हाईक. यांना त्याच वेळी कंपनीने आठवड्याच्या ट्रेनिंगला पुण्याला पाठवलेलं. जाताना हे म्हणाले, मी येईपर्यंत कुठली फाइल देऊ नकोस. मी म्हटलं, का? प्रिंट काढायला भावोजी येतील. हे दारात थबकले, मग बॅग उचलून निघाले.

आमची कामाची पद्धत अशी की नवी पत्रिका कोऱ्या पानावर कुणी करत नाही. जुनी उघडायची, नावं पुसून नवी घालायची. चौकट, गणपती, खालचा मजकूर तोच राहतो. मी तशीच एक उघडली. तिकडच्या पत्रिकेत सगळ्यात वर घरातल्या थोरल्याचं नाव असतं. माणूस हयात असेल तर नावाच्या आधी 'श्री.', वारलेला असेल तर 'कै.'. जुन्या पत्रिकेतल्या घरचे आजोबा वारलेले होते. मी माउस नावावर नेला, पट्टीत नाव आलं, ते पुसून 'हिराजी' लिहिलं. हिराजी म्हणजे बाळारामांचे वडील, ऐंशीच्या पुढचे, धडधाकट. नावाआधीचं जुनं 'कै.' पट्टीच्या डावीकडे बाहेर होतं. ते मला दिसलं नाही. बाकी सगळं मी दोनदोनदा तपासलं. चुलते, आत्या, मामा, हळदीचा दिवस, सगळं.

बाळाराम कच्ची प्रत बघायला आले. त्यांनीही भावकीची नावं बोट ठेवून वाचली, क्रम बघितला, तारीख बघितली. वरची ओळ वाचली नाही. स्वतःच्या बापाचं नाव कोण तपासतो? ठीक आहे म्हणाले. भावोजींनी प्रिंट काढून दिली, पत्रिका छापून आल्या.

तिकडचा रिवाज, पहिली पत्रिका गावदेवीपुढे ठेवायची आणि दुसरी घरातल्या थोरल्याच्या हातात द्यायची. हिराजी आजोबांना वाचता यायचं. त्यांनी चष्मा लावला, ओटीवर सगळ्यांसमोर पत्रिका उघडली, आणि पहिल्याच ओळीत ते वारलेले होते.

'मी नव्हतो ना'

बाळाराम आले तेव्हा हे नुकतेच पुण्याहून परतले होते, बॅगही उघडली नव्हती. बाळाराम ओरडले नाहीत. पत्रिका टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ताई, जरा वरची ओळ वाचा. मला वाचता आली नाही. यांनी वाचली.

मग हे बाळारामांना समजावायला लागले. सगळ्या पत्रिका पुन्हा छापून देतो, माफ करा, म्हणाले. आणि बोलता बोलता तोंडातून गेलं, "काय झालं, मी नव्हतो ना इथे. नाहीतर मी नेहमी बघतो."

बाळाराम गेले. मी विचारलं, नेहमी बघता म्हणजे? हे म्हणाले, प्रिंट काढताना नजर पडते ना. मी म्हटलं, नजर पडते की दुरुस्त करता? हे बॅगेचा पट्टा सोडायला लागले. मी पुन्हा विचारलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रोज सकाळी कंपनीच्या बसच्या आधी हे माझी फाइल उघडून बसायचे. पहिल्या दिवसापासून. कुठे ओळ दोनदा पडलेली, कुठे नाव राहिलेलं, कुठे नवरीच्या जागी जुन्याच नवरीचं नाव. सगळं नीट करून मग प्रिंट. सासूबाईंना माहीत होतं, त्या तेव्हा चहा द्यायच्या. मुग्धालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

कसं सांगू तुम्हाला? निदानाच्या दिवशी मी तुटले नव्हते. त्या दिवशी तुटले. डोळे गेले ते गेले, पण भिंगाच्या जोरावर माझं काम मी परत मिळवलंय, या एका गोष्टीवर मी उभी होते. आणि ते खरंच नव्हतं. लहान मुलाला पोळी लाटायला बसवतात, तो नकाशा लाटतो, आई तो गोळा करून पुन्हा लाटते आणि सगळ्यांना सांगते, आज याने पोळ्या केल्या. माझं तसं चाललं होतं. मी यांना नको नको ते बोलले. हे ऐकून घेत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं याचाही मला राग आला. शेवटी एवढंच म्हणाले, "तू पुन्हा हसायला लागली होतीस गं. मी काय करायला हवं होतं?"



हिराजी आजोबा

दुसऱ्या दिवशी रविवार होता. हिराजी आजोबा स्वतःच आले. बाळाराम त्यांना दारापर्यंत सोडून रिक्षापाशी थांबले. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, समजूतदारपणे काहीतरी गोड बोलून जाईल. तसं काही झालं नाही. ते खरंच दुखावले होते.

"बाय, मी हाय अजून," ते खुर्चीत बसत म्हणाले. "या वयात आपलं नाव तसं वाचायला बरं नाय वाटत."

सासूबाई पाणी घेऊन आल्या. त्यांनी सारवासारव केली, खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. आजोबा म्हणाले, वाढंल तवा वाढंल, आदी नाव नीट करा. मग माझ्याकडे वळले. मी नेहमीसारखी त्यांच्या कानाकडे बघत होते. त्यांनी सरळ विचारलं, "तुमाला दिसत नाय, तं हितं बसता कशाला?"

इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे मला जपत होते ना. मी म्हटलं, "आजोबा, मला दिसत नाही हे खरं आहे. पण मला दुसरं काही येत नाही." गिऱ्हाइकासमोर मी हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. त्यांनी धीर दिला नाही, कीवही केली नाही. म्हणाले, मंग तुमच्या मालकांना बसवा बाजूला, आनि मला वाचून दावा. मी ऐकल्याबिगर जानार नाय.

मी हे काम दुसऱ्याला देणार नव्हते. कळफलक मीच पुढे ओढला. हे शेजारी स्टूलवर बसले. मी पुसलं, 'श्री.' टाइप केलं. बोटांना तेवढं येतं, त्याला डोळे लागत नाहीत. यांनी वाचून दाखवलं. आजोबा म्हणाले, परत. यांनी परत वाचलं. मग आजोबांनी अख्खी पत्रिका वाचायला लावली, आणि प्रत्येक नावाला हूं हूं करत बसले. उठताना मला म्हणाले, हळदीला या. मी गेले नाही. मला तेवढा धीर नव्हता.

सकाळ

त्या रात्री मी यांना सांगितलं की आता माझ्यामागे काही दुरुस्त करायचं नाही. जे चुकलंय ते माझ्या शेजारी बसून, मोठ्याने सांगायचं, मी नीट करीन. जमणार नसेल तर कॉम्प्युटर विकून टाका. हे म्हणाले, तुला सोसेल का? मी म्हटलं, सोसायचं की नाही ते माझं मी बघीन.

सकाळी बसच्या आधी आम्ही दोघं बसलो. कळंबोलीच्या एका मंडळाचं पत्रक होतं, मी दोन दिवस खपून केलेलं. मला वाटत होतं, हे बरं झालंय. हे वाचायला लागले. पहिल्या ओळीत अध्यक्षांचं आडनाव अर्धंच आहे. मी नीट केलं. दुसरी ओळ पुन्हा पडलीय, खाली तीच आहे. मी पुसली. तिसऱ्यात तारीख मागच्या वर्षीची राहिलीय. पुढे एक नाव दोनदा. त्याच्यापुढे एक नाहीच. यांचा आवाज अगदी सपाट होता, बाजारभाव वाचतात तसा, आणि मला कळत होतं की तो तसा ठेवायला त्यांना किती त्रास होतोय. मुग्धा दारात दप्तर घेऊन उभी राहिली आणि आत गेली.

अर्ध्या पानापर्यंत आलो तेव्हा मला पुढे ऐकवेना. आपण इतकं चुकतो? रोज इतकं? नाक वाहत होतं, हात मात्र कळफलकावरच होते. मी म्हटलं, अहो, पुरे आता, उरलेलं तुम्हीच करून टाका ना.

हे क्षणभर थांबले. मला वाटलं, चला, सुटले. पण ते माझं ऐकणार नव्हते, कारण तसं मीच त्यांना बजावलं होतं. त्यांनी स्टूल जरा जवळ घेतलं आणि पुढची ओळ वाचली.